‘एका वेळी किती विमानं सांभाळायचात?’ या प्रश्नाचं लांबलचक उत्तर

तिरपी_स्ट्रिप

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते असं कळलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एका वेळी किती विमानं सांभाळायचात?" पूर्वी मी आकडा सांगून मोकळी व्हायचे. बारा, पंधरा, कधी वीस. समोरचा "बापरे" म्हणायचा आणि विषय संपायचा. पण दर वेळी थोडं खोटं बोलल्यासारखं वाटायचं. वीस विमानं असताना मी खुर्चीत रेलून बसलेली आहे, आणि सहा विमानांनी मला घाम फोडलेला आहे. निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

आधी काम काय ते. मी टॉवरच्या काचेतून धावपट्टी बघणाऱ्यांतली नाही. आम्ही एरिया कंट्रोलवाले अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून उंचावरून जाणारी वाहतूक बघतो. आकाशाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरवर साधारण दोघं: एक वैमानिकांशी बोलतो, दुसरा प्लॅनर, तो शेजारच्या सेक्टरांशी ठरवाठरवी करतो. नियम एका ओळीचा आहे. रडारवर दोन विमानांमध्ये आडवं अंतर ५ नॉटिकल मैल (विमानतळाच्या आसपास ३) किंवा उभं अंतर १००० फूट. दोन्हींतलं एक तरी कायम हवं.

आता हिशेब करा. १० विमानांच्या जोड्या होतात ४५, २० विमानांच्या १९०. विमानं दुप्पट झाली की जोड्या चौपटीहून जास्त. कागदावर हे भयंकर दिसतं, पण कोणताही कंट्रोलर १९० जोड्या तपासत बसत नाही. हा खाली, तो वर, हे दोघं एकमेकांपासून लांब चाललेत, असं करत बहुतेक जोड्या पहिल्या नजरेतच बाद होतात. वीस विमानं एकाच मार्गाने, आपापल्या लेव्हलला (नेमून दिलेल्या उंचीला), सारख्या वेगाने चालली असतील तर करायला फारसं काही उरत नाही.

आणि ती सहा विमानं? दोन चढतायत, आणि त्यातलं एक जड आहे, किती वेळात किती चढेल सांगता येत नाही. एक उतरतंय. एक संथ टर्बोप्रॉप (पंख्याचं विमान) सगळ्यांच्या वाटेत. एकाला ढग टाळायला वीस अंश डावीकडे जायचंय, "परत कधी येणार" विचारलं तर "कळवतो" म्हणतो. सहाव्याला प्रत्येक सूचना दोनदा सांगावी लागतेय. या सहाही जणांची पुढची पाच मिनिटं अधांतरी आहेत. माझ्या लेखी डोक्यावरचा भार म्हणजे ‘अजून मिटलं नाही’ अशा गोष्टींचा ढीग. विमानं मोजून तो कळत नाही.

---

खिडकीशेजारची_सीट

रुमाल टाकून ठेवतो. वाचायला मजा येतेय.

अवांतर: नावाचा अर्थ काय हो ताई? स्ट्रिप तिरपी का?

---

तिरपी_स्ट्रिप

@खिडकीशेजारची_सीट, अवांतर अजिबात नाही. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची, प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवलेली: कॉलसाइन (रेडिओवरचं नाव), लेव्हल, मार्ग, कुठल्या बिंदूवर किती वाजता. पट्ट्या समोरच्या फळीवर ओळीने लावायच्या. ज्याचं काहीतरी बाकी आहे त्याची पट्टी ओळीतून जराशी तिरकी ओढून ठेवायची. फोन आला, कुणी मधेच बोललं, तरी नजर फिरली की ती तिरपी पट्टी टोचायची: अरे, याचं राहिलंय. डोक्यात ठेवायचं ते ओझं फळीवर उतरवायची ही साधी युक्ती.

पडदे आले, पट्ट्या इलेक्ट्रॉनिक झाल्या, तेव्हा आमच्यातले जुने लोक कुरकुरले, आणि ती कुरकूर नुसता हट्ट नव्हती. पॅरिसजवळच्या आथिस-मोन्स केंद्रात कंट्रोलर कागदी पट्ट्या नेमक्या कशा वापरतात याचा अभ्यास झाला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी हातात घेणं, सरकवणं, तिरपी करणं, सहकाऱ्याच्या पुढ्यात ठेवणं, यातला बराचसा भाग ‘माहिती’ या नावाखाली संगणकात गेलाच नसता. चांगल्या इलेक्ट्रॉनिक प्रणालींमध्ये आता पट्टी तिरपी करायची सोय असते.

पट्टीवरून आठवलं ते विसरता येत नाही. १ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. टॉवरमधल्या कंट्रोलरने एका छोट्या विमानाला उड्डाणासाठी धावपट्टीवर थांबायला सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्याच एका विमानाची पट्टी जागेवर नव्हती, तिचा शोध, रेडिओवर गोंधळ. त्या घोळात धावपट्टीवर थांबलेलं विमान डोक्यातून निसटलं आणि एका बोइंग ७३७ ला त्याच धावपट्टीवर उतरायची परवानगी मिळाली. ३५ जण गेले.

---

गणितबुवा

उत्तम धागा. माझं काम नियोजनाच्या गणितांचं, म्हणून थोडी भर.

‘संख्येने काम भागत नाही’ हे यंत्रणांनाही माहीत आहे, पण सुरुवात संख्येपासूनच करावी लागते. अमेरिकेत सेक्टरचा इशारा-आकडा काढायची मूळ रीत अशी: विमान त्या सेक्टरमध्ये सरासरी किती मिनिटं राहतं ते बघायचं, त्यावरून किती विमानांना दिवा लागावा ते ठरवायचं. १२ मिनिटं किंवा जास्त असेल तर १८. युरोपात दुसरी वाट: प्रत्येक कामाला (पहिलं बोलणं, लेव्हल बदलणं, संभाव्य टक्कर सोडवणं, फोन) किती सेकंद लागतात ते धरून बेरीज करायची, आणि तासातली ४२ मिनिटं, म्हणजे ७० टक्के, भरली की सेक्टर तुडुंब समजायचा. उरलेली १८ मिनिटं रिकामी नसतात. तेवढ्यात माणूस बघतो, विचार करतो, श्वास घेतो.

नासाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘डायनॅमिक डेन्सिटी’ नावाचा निर्देशांक मांडला. विमानांच्या संख्येत दिशा बदलणारी किती, वेग बदलणारी किती, चढणारी-उतरणारी किती, किती जोड्या जवळ आहेत, हे सगळं वजनं लावून मिळवायचं.

ताई, प्रत्यक्ष खुर्चीत बसणाऱ्याला हे आकडे पटतात का?

---

तिरपी_स्ट्रिप

@गणितबुवा, दिशा बरोबर आहे, वजनं नाहीत. एका सेक्टरची वजनं शेजारच्याला लावली की गडबडतात. ज्या सेक्टरमध्ये चढणारी विमानं रोज त्याच वाटेने येतात तिथे ‘चढणारी’ म्हणजे सवयीचं काम. दुसरीकडे तेच संकट. शिवाय ते सेक्टर कोणी पाच वर्षं बघितलंय की पाच महिने, हे कोणत्या रकान्यात टाकणार?

गुंतागुंत आकाशात असते आणि भार माणसाच्या डोक्यात. या दोन शब्दांची गल्लत सगळीकडे होते. मध्ये माणूस बसलाय, त्याचा अनुभव, झोप, कामाची रीत बसलीय, म्हणून तीच गुंतागुंत दोघांना वेगवेगळी जड लागते.

एक कोडं देते. दोन विमानं, दोन्ही ३५,००० फुटांवर, दोन्हींचा वेग ४८० नॉट म्हणजे मिनिटाला ८ मैल. मार्ग एकमेकांना काटकोनात छेदतात. छेदबिंदूपासून एक ४० मैलांवर, दुसरं ४६ मैलांवर. ५ मैलांचं अंतर राहील का? वारा सध्या सोडून द्या.

---

उलटतपासणी

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. प्रत्येक व्यवसायातल्या माणसाला आपलंच काम जगात सगळ्यात ताणाचं वाटतं. दोन तास काम, अर्धा तास सुट्टी, असं ऐकलंय. एवढी सवलत कुणाला मिळते? आणि ‘डोक्यावरचा भार’ मोजणार कशाने? ज्याला विचाराल तो "खूप आहे" असंच म्हणणार.

(कोडं: पहिलं बिंदूवर पोचेल तेव्हा दुसरं ६ मैल मागे. ६ हे ५ पेक्षा जास्त. राहील.)

---

तिरपी_स्ट्रिप

राग कसला, रास्त प्रश्न आहे. (कोड्याचं नंतर.)

ब्रिटनच्या नियमात सलग दोन तासांच्या वर काम नाही आणि मग किमान अर्धा तास विश्रांती, हे खरं. ही सवलत कंट्रोलरवर मेहरबानी म्हणून दिलेली नाही. नॉर्मन मॅकवर्थने १९४८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: घड्याळासारखी तबकडी, काटा टक टक सरकतोय, क्वचित एकदम दोन घरं उडी मारतो, तेवढंच पकडायचं. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. माणसाचं लक्ष असंच घसरतं, म्हणून नियम.

मोजण्याबद्दल. नासा-टीएलएक्स नावाची प्रश्नावली आहे, १९८८ ची. तिच्यात सहा बाजू वेगळ्या विचारतात: बौद्धिक मागणी, शारीरिक मागणी, वेळेची घाई, आपलं काम कसं झालं, किती जोर लावावा लागला, वैताग किती. "खूप आहे" एवढ्यावर भागत नाही, ‘घाई नव्हती पण वैताग होता’ असंही निघतं. दुसरी रीत म्हणजे दर काही मिनिटांनी दिवा लागतो आणि १ ते ५ पैकी एक बटण दाबायचं. सिम्युलेटरवर मी हे केलंय. खरा गोंधळ असताना दिवा दिसतच नाही. तो उशीर म्हणजेच उत्तर. संशोधकांना हे माहीत असतं, प्रतिसादाला किती सेकंद लागले तेही ते धरतात.

‘ताण’ हा शब्द मी मुद्दाम वापरला नाही. भार खूप असूनही ताण नसतो, उलट मजा येते, असे दिवस मी पाहिलेत. ताण बहुतेक वेळा शिफ्टच्या वेळापत्रकाने आणि वरिष्ठांनी दिला. :)

---

उजवी_सीट

कॉकपिटमधून ऐकणारा सांगतो. फ्रिक्वेन्सीवर पाऊल ठेवताच कळतं समोरच्याच्या डोक्यावर किती आहे. निवांत असेल तर "गुड मॉर्निंग", थेट पुढच्या बिंदूकडे जायची शॉर्टकट वाट न मागता मिळते, हवेचे धक्के कुठे कमी आहेत ते सांगतात. गर्दी असेल तर वाक्यातलं एकेक पान गळतं: आधी नमस्कार जातो, मग शॉर्टकट जातो, मग "स्टँडबाय" सुरू होतं. माझा समज होता की माणूस चिडलाय.

---

तिरपी_स्ट्रिप

@उजवी_सीट, नाही, तो सामान उतरवतोय! या धाग्यात मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते तुम्ही आयतं काढलंत.

जाँ-क्लोद स्पेरांदिओ या फ्रेंच संशोधकाने १९७१ मध्येच दाखवलं की विमानं वाढली की कंट्रोलर तेच काम जास्त वेगाने करत नाही. तो काम करायची पद्धतच बदलतो. वाहतूक कमी असते तेव्हा प्रत्येक विमानाला सोयीची उंची, सोयीचा वेग, जवळची वाट. वाढली की सगळ्यांना एकाच साच्यात घालायचं, सगळे एकाच वेगाने, रांगेत, ठरलेल्या मार्गाने. आणखी वाढली की होल्डिंगला, म्हणजे एका जागी घिरट्या घालत ठेवायचं आणि एकेक सोडायचं. इंधन जास्त जळतं, उशीर होतो, पण प्रत्येक विमानाबद्दल डोक्यात ठेवायच्या गोष्टी कमी होतात.

म्हणजे भार वरून कोसळतो आणि माणूस सोसतो, असं चित्र अर्धंच आहे. भार किती घ्यायचा हे कंट्रोलर सतत ठरवत असतो. नवशिका आणि मुरलेला यांतला फरक इथे दिसतो. नवशिका शेवटपर्यंत सगळ्यांना शॉर्टकट देत राहतो, कारण त्याला ते चांगलं काम वाटतं, आणि मग एकदम बुडतो. मुरलेला गर्दी यायच्या दहा मिनिटं आधीच कंजूस होतो.

बुडणं म्हणजे आमच्या भाषेत ‘पिक्चर जाणं’. कोण कुठे आहे, कुठे जाणार, कोणाचं कोणाशी बाकी आहे, हे सगळं मिळून डोक्यात एक हलतं चित्र असतं. ते एकदा फुटलं की पडद्यावर सगळं दिसत असूनही नुसते ठिपके उरतात. पुन्हा जुळवायला वेळ लागतो, आणि विमान थांबवता येत नाही.

---

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. तुमचं ‘न मिटलेल्या गोष्टी’ वाचून मान डोलावली. आमच्याकडेही पेशंट किती यापेक्षा कोणाचं काय अजून ठरलं नाही, यावर रात्र कशी जाणार ते कळतं. पण मला चुकांची भीती गर्दीत वाटत नाही. गर्दी ओसरल्यावर वाटते. तुमच्याकडे असं होतं का?

---

तिरपी_स्ट्रिप

होतं, आणि माझ्याबाबतीत झालंय.

एका दुपारी दीड तास गडगडाटी ढगांनी झोडपून काढलं. वादळात रस्ते उरत नाहीत. प्रत्येक जण आपली वाट मागतो, दोन विरुद्ध दिशांचे लोक ढगांमधल्या एकाच फटीतून जायला बघतात. त्या दीड तासात माझ्याकडून एकही चूक झाली नाही. मग ढग सरले, विमानं पाचावर आली, मी पहिल्यांदा पाठ टेकली, प्लॅनर पाणी प्यायला उठला. एकाने वर चढायची परवानगी मागितली, मी दिली. त्याच्या दोन हजार फूट वरून समोरून येणारं विमान पडद्यावर ढळढळीत होतं, आणि मी ज्या लेव्हलला त्याला पाठवत होते ती याचीच. डोळ्यांनी बघितलं होतं, मनाने नाही. तो रीडबॅक म्हणत (माझी सूचना परत म्हणून दाखवत) असतानाच पोटात खड्डा पडला. चढाई मधल्या लेव्हलला थांबवली, अंतर टिकलं. जागेवरून उठले तेव्हा हात थरथरत होते.

गाडी उतारावर असताना ब्रेकवरून पाय काढावा तसं ते असतं. घटनांच्या नोंदी अभ्यासणाऱ्यांना हे नवीन नाही: बऱ्याच चुका मध्यम किंवा हलक्या वाहतुकीत होतात, किंवा खुर्ची नुकतीच दुसऱ्याकडे गेल्यावर, नव्या माणसाचं पिक्चर पुरतं तयार व्हायच्या आत.

आणि रिकामेपणाचं दुसरं टोक तुमच्या टोपणनावातच आहे. मार्च २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळावर रात्री टॉवरमध्ये एकटाच असलेला सुपरवायझर झोपी गेला आणि दोन प्रवासी विमानं टॉवरशी बोलणं न होता उतरली. त्यानंतर तिथे रात्रीही दुसरा माणूस नेमला गेला.

---

उलटतपासणी

माघार घेतो, पण पूर्ण नाही. म्हणजे गर्दी धोक्याची, रिकामेपण धोक्याचं, गर्दीनंतरचा उतार धोक्याचा. मग हे माणसाकडून काढूनच का घेत नाहीत? यंत्राला पिक्चर जाण्याची भीती नाही.

---

गणितबुवा

@उलटतपासणी, लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये यावरच लिहिलंय. यंत्र सोपी कामं उचलतं आणि माणसाकडे दोन कामं उरतात: यंत्रावर लक्ष ठेवणं, जे माणसाला जमत नाही (मॅकवर्थची तबकडी), आणि यंत्र थकलं की अचानक सूत्रं हातात घेणं, ज्याचा सराव यंत्रामुळेच गेलेला असतो.

ताजं उदाहरण: २८ ऑगस्ट २०२३, ब्रिटन. एका उड्डाण-योजनेत दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या बिंदूंना एकच संक्षिप्त नाव होतं. प्रणालीला अर्थ लागेना, तिने स्वतःला बंद केलं, राखीव प्रणालीनेही तेच केलं. आपोआप तासाला सुमारे ४०० योजना हाताळल्या जायच्या, हाताने जास्तीत जास्त ६०. कंट्रोलरवर लोंढा येऊ नये म्हणून वाहतूकच आवळली. सुरक्षितता टिकली, पण लाखो प्रवाशांचा खोळंबा झाला.

---

तिरपी_स्ट्रिप

यंत्राला माझा विरोध नाही. पुढच्या वीस मिनिटांत कोण कोणाच्या जवळ येणार ते दाखवणारी साधनं आली तेव्हा माझं काम खरंच हलकं झालं. वैमानिकाला लेखी सूचना पाठवता येऊ लागली तेव्हा रेडिओवरची गर्दी कमी झाली. पण प्रत्येक साधन एक सवय लावतं, आणि ते नसतानाचा दिवस त्या सवयीमुळे जास्त जड जातो.

१ जुलै २००२ ची रात्र, जर्मनीतलं युबरलिंगन. झुरिकच्या केंद्रात दोन कंट्रोलर होते, एक विश्रांतीला गेला होता. रात्री असं करायची तिथे रूढ पद्धत होती. खुर्चीतल्या माणसाकडे विमानं मोजकीच. पण दोन वेगळे पडदे, दोन फ्रिक्वेन्सी. देखभालीमुळे टक्करीचा इशारा पडद्यावर दाखवणारी सोय बंद. मुख्य फोन बंद, पर्यायी लाइन नादुरुस्त. उशिरा आलेलं एक विमान जवळच्या छोट्या विमानतळावर उतरवायचं होतं, त्या विमानतळाला फोन लागेना, म्हणून तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. इकडे दोन विमानं एकमेकांच्या वाटेत येत होती. शेजारच्या केंद्राला धोका दिसला, पण त्यांचाही फोन लागला नाही. त्याच्या लक्षात आलं तेव्हा मिनिटभरही उरलं नव्हतं. त्याने एकाला "खाली या" सांगितलं, त्याच विमानातलं टक्करविरोधी यंत्र "वर जा" सांगत होतं, आणि दुसऱ्या विमानाचं यंत्र त्याला खाली पाठवत होतं. ७१ जण गेले. टक्करविरोधी यंत्राचा आदेश कंट्रोलरच्या सूचनेपेक्षा वरचा, ही गोष्ट जगभर स्पष्ट शब्दांत लिहिली गेली ती यानंतर.

विमानं मोजून कोणी भार काढला असता तर ती रात्र ‘हलकी’ या रकान्यात गेली असती.

---

खिडकीशेजारची_सीट

वाचनखूण साठवली. पुढच्या वेळी "वाहतुकीमुळे उड्डाणाला उशीर" अशी घोषणा ऐकली की कमी चरफडेन. (कमी म्हणालो.)

ते कोडं राहिलं ना?

---

गणितबुवा

मी करून बघितलं, आणि कबूल करतो की पहिल्यांदा मीही ६ च म्हणालो होतो. पहिलं विमान बिंदूवर असतं तेव्हा अंतर ६ मैल, पण ती सगळ्यात जवळची वेळ नाही. पहिलं बिंदू ओलांडून ३ मैल पुढे जातं तेव्हा दुसरं बिंदूच्या ३ मैल अलीकडे असतं. दोन्ही बाजू ३, कर्ण ४.२४. अंतर मोडलं. बिंदू ओलांडल्यावर साधारण २२ सेकंदांनी.

---

तिरपी_स्ट्रिप

बरोबर! आणि खुर्चीत बसून हे वर्गमूळ कोणी काढत नाही. काटकोन आणि सहा मैल दिसले की ‘कमी पडणार’ हे सवयीने कळतं. वाहतूक हलकी असेल तर मी मागच्याचा वेग थोडा उतरवून बघत बसेन, दोघांनाही आपली लेव्हल सोडावी लागणार नाही. पण त्यासाठी पुढची पाच मिनिटं माझं अर्धं लक्ष तिथे अडकणार. गर्दी असेल तर सरळ लेव्हल बदलून टाकेन आणि ती जोडी डोक्यातून काढून टाकेन.

---

उलटतपासणी

उत्तर चुकलं, मान्य. पण मी असतो तर दोघांनाही हलवलं असतं. एकाला वर, एकाला खाली. दुप्पट सुरक्षित.

---

तिरपी_स्ट्रिप

एकालाच हलवा. दोघांना हलवलंत तर दोन रीडबॅक ऐकायचे, दोन नव्या लेव्हलना आणखी कोणी आहे का बघायचं, आणि दोघांनाही नंतर परत जागेवर आणायचं. एवढ्यात फळीवर दोन पट्ट्या तिरप्या होतात.